पासष्ट किलोच्या आत

"याच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असेल. हा कबड्डी खेळतो."

मला खरंच तसं वाटलं होतं. कैलास माझा धाकटा भाऊ, वय चोवीस. सुपारीचं खांड नाही, दारूचा थेंब नाही. रोज सकाळी बिडकीनच्या शाळेच्या मैदानात जोर-बैठका काढणारा पोरगा. किडनीचे पेशंट म्हणजे म्हातारेकोतारे, शुगरवाले, एवढंच माझ्या डोक्यात. मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला आणि नावावर बोट ठेवलं. नाव त्याचंच होतं.

क्रिएटिनिन नऊच्या वर. हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. पुढं तो आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा रोजचा झाला. शरीरात रोज जी घाण तयार होते ती किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. क्रिएटिनिन हे त्या घाणीचं एक माप. धडधाकट माणसाचं ते एकच्या आसपास असतं.

"गेल्या आठवड्यात यानं काय काय केलं ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "मला रागवायचं नाहीये, उपचार करायचेत."

मी कैलासकडे पाहिलं. तो स्ट्रेचरवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला, पण माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. लहानपणी काही फोडलं की तो असाच भिंतीकडे तोंड करायचा.

मी मुकुंदवाडीत ब्लाउज शिवते. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण ज्यांच्या घरात वजनी गटात खेळणारं लेकरू आहे, मग ते कबड्डीत असो नाहीतर कुस्तीत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आम्हाला हे कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आमच्या भागात उन्हाळ्यात जत्रांच्या निमित्तानं वजनी गटाचे सामने होतात. पासष्ट किलोचा गट म्हणजे प्रत्येक खेळाडूचं वजन पासष्टच्या आत. सामन्याच्या दिवशी सकाळी वजन होतं, तेही आडत दुकानातून आणलेल्या काट्यावर. एरवी त्याच्यावर तुरीची नाहीतर मक्याची पोती चढतात, त्या दिवशी चड्डीवरची पोरं चढतात. एकदा काट्यावर पास झालं की मग कितीही खा, कितीही प्या. संध्याकाळपर्यंत दोन-तीन किलो परत अंगावर येतात आणि जड माणूस हलक्या गटात खेळतो. सगळेच संघ हे करतात, म्हणून कोणालाच त्यात काही गैर वाटत नाही.

कैलासचं एरवीचं वजन सत्तर. अंगावर चरबी औषधालाही नव्हती. मग उतरवायचं काय, तर पाणी. या पोरांच्या भाषेत त्याला 'पाणी काढणं' म्हणतात.

आणि ते काढायची जागा आमच्या शहाण्यानं कुठली शोधावी? वाळूजला तो ज्या कारखान्यात कामाला होता तिथं लोखंडी भाग तापवायची भट्टी आहे. एप्रिल महिन्यात तिच्यासमोर उभं राहायला कोणी तयार होत नाही, ड्युटी बदलून घेण्यासाठी भांडणं होतात. यानं ती ड्युटी मागून घेतली. सुपरवायझर खूश. युनिफॉर्मच्या आत यानं प्लॅस्टिकचा रेनकोट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि आख्खी शिफ्ट भट्टीसमोर काढली. एक दिवस नाही, लागोपाठ तीन दिवस. पाण्याचा घोट नाही. फार झालं तर चूळ भरून थुंकायचं. घरी आला की माय ताट वाढायची आणि हा म्हणायचा, कँटीनला जेवलो.

तरी काटा पासष्टच्या वरच. मग संघाचा कॅप्टन दत्ता यानं त्याला गोळी दिली. लघवीची गोळी. दत्ताच्या आजोबांना हृदयाच्या आजारात अंगावर सूज येते, त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली. म्हाताऱ्याच्या डबीतली गोळी माझ्या भावाच्या पोटात गेली. दत्ता काही दुष्ट माणूस नाही, स्वतः कित्येक वर्षं तेच करत आलेला. त्याला काही झालं नाही म्हणून कोणालाच काही होणार नाही, असा त्याचा हिशोब.

काट्यावर कैलास पासष्टच्या जरा आतच बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो घटाघटा पाणी प्यायला, केळी खाल्ली, आणि उन्हं कलायच्या आत मैदानात उतरला. दुसऱ्या डावात चढाई करून परत येताना त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की पोरांनी उचलून बाहेर आणला. आणि एवढं करून सामना हरले! हे मी मुद्दाम लिहितेय. जिंकले असते तर निदान गावात त्याचं नाव झालं असतं.

त्या संध्याकाळी त्याला लघवी झाली ती काळ्या चहाच्या रंगाची. तो घाबरला, पण सांगितलं फक्त दत्ताला. दत्ता म्हणाला, "उन्हाळी लागली असंल. सब्जा पी, होतंय नीट." अंग ठणकत होतं म्हणून यानं अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या, मूठभर म्हटलं तरी चालेल. मग लघवी कमी कमी होत बंदच झाली. मग उलट्या. माय म्हणाली ऊन लागलं, आणि कांद्याचा रस लावला. गावातल्या डॉक्टरांनी हात लावताक्षणी सांगितलं, माझ्याकडं नको, शहरात न्या. त्यांचे उपकार, की त्यांनी उगाच ठेवून घेतलं नाही.

हे सगळं कैलासनं मॅडमना तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. भट्टीचं ऐकलं तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली.

मॅडमनी एक लांबलचक नाव सांगितलं, रॅब्डोमायोलायसिस. मग माझा चेहरा बघून समजावलं. पाणी आटलेल्या, तापलेल्या शरीराला राबवलं की स्नायू आतल्या आत तुटतात. त्यांचा रंग रक्तात उतरतो आणि किडनीच्या बारीक चाळण्यांत जाऊन बसतो. ती चहासारखी लघवी म्हणजे तुटलेले स्नायू होते. "आधीच किडनीला पाणी नव्हतं. त्यावर हा गाळ, आणि त्यावर त्या दुखण्याच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "यातलं एकेक सहन झालं असतं कदाचित."

"बरा होईल ना?"

"आधी जगवू या. मग बरं होण्याचं बघू."

डॉक्टरांनी इतकं सरळ बोलू नये असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, बरं झालं सरळ बोलल्या.

डायलिसिस म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातून धुवून परत आत सोडणं. त्यासाठी कैलासच्या मानेत जाडजूड नळी घातली. यंत्राला जोडल्यावर चार तास हलायचं नाही. पहिल्या दिवशी मी काचेतून बघितलं, त्याचं रक्त नळीतून फिरत होतं आणि तो थंडीनं कुडकुडत होता. बाहेर ऊन इतकं, की फरशीवर पाय ठेववत नव्हता. मी तिथून निघून आले आणि जिन्यात बसून रडले. कोणी विचारलंही नाही. त्या जिन्यात रोजच कोणीतरी रडत असतं.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण आमच्यासारखी माणसं इथंच फसतात.

पाणी न पिऊन आजारी पडलेल्या माणसाला दवाखान्यात पाणी द्यायचं नव्हतं. लघवीच होत नाही म्हटल्यावर प्यायलेलं पाणी जाणार कुठं? फुप्फुसांत साठणार. म्हणून दिवसाला अर्धा लिटर, औषधं गिळायला लागणारं पाणी धरून. मी सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरून त्याच्या उशाशी ठेवायची आणि झाकणानं मोजून द्यायची. आणि तो मागायचा. आधी हसून, मग रागानं, मग हात जोडून. "आक्के, एकच घोट. तुझ्या पाया पडतो." ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. सलाईनच्या बाटलीकडे तो असा बघायचा की मी त्याची मान दुसरीकडे वळवायची. देवा, शत्रूवरसुद्धा ही वेळ आणू नको.

पोटॅशियम हा दुसरा शब्द. हा क्षार फळांत असतो, भाज्यांत असतो, आणि शहाळ्यात तर भरपूर. एरवी तो चांगलाच. पण किडनी बंद असली की तो रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडू शकतो. मॅडमनी मला सांगितलं, मी मायला सांगितलं. एकदा नाही, दहादा. पाणी नाही, फळ नाही, ज्यूस नाही, शहाळं नाही.

पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना काय नेतात? संघाची पोरं भेटायला आली तर हातात शहाळी. वाळूजचे मित्र आले तर शहाळी. गावातले शेजारी एसटीतून मांडीवर घेऊन आले, तीही शहाळी. दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडाच उभा असतो. मी प्रत्येकाला परत पाठवायची, तर लोकांना राग यायचा. एक नातेवाईक म्हणाले, "पाण्यावाचूनच तर झालं ना पोराला? आन् तू पाणीच बंद केलंस?" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते आणि माय त्याच्याजवळ होती. परत आले तेव्हा कैलास म्हणाला, हातापायांत जोर वाटत नाही. आवाज बसका. पलंगाजवळच्या यंत्रावर हृदयाचे ठोके दिसतात, त्यातली रेघ वेगळीच दिसत होती. सिस्टर धावली. मग डॉक्टर, मग मॅडम स्वतः. ईसीजी काढला. पडदा ओढला. मला बाहेर ढकललं.

मॅडमनी पडद्याबाहेर डोकं काढून विचारलं, "याला काय दिलंय? कोणी काय दिलंय?"

मी म्हणाले, काहीच नाही. मला माहीतच नव्हतं.

माय भिंतीला टेकून उभी होती. लुगड्याचा पदर तोंडात. मग पदर काढून म्हणाली, "म्या दिलं. दोन शहाळी पाजली."

"कधी?"

"आत्ताच. ही खाली गेली तवा. लई रडत व्हतं लेकरू. बघवंना मला." आणि खाली वाकून तिनं पलंगाखालून दोन्ही रिकामी शहाळी काढली आणि मॅडमच्या पुढं धरली.

मॅडम तशाच आत गेल्या. शिरेतून कॅल्शियम दिलं, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं, आणि तसंच उचलून डायलिसिसला नेलं. मायनं लगेच खरं सांगितलं म्हणून वेळ वाया गेला नाही, असं नंतर एका डॉक्टरांनी मला सांगितलं. पण तेव्हा मला ते सुचण्यासारखं नव्हतं. मी मायकडे बघतच नव्हते.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "यापुढे पेशंटजवळ तुम्ही थांबा. आई खाली बसतील." मी हो म्हटलं. मायनंही मान हलवली.

खाली म्हणजे नातेवाइकांची पत्र्याची शेड. तिथं चटया टाकून लोक महिनेच्या महिने काढतात. मायनं कोपऱ्यातल्या नळाजवळ जागा धरली. शेजारी पाचोडच्या नसीमखाला होत्या. त्यांचे मालक डायलिसिसवर होते. खाला बोलक्या. मला म्हणायच्या, "बेटी, इथं रडायचं नाय. इथं लघवीची दुवा मागायची. मी तर खुदाला दुसरं काय मागतच नाय आता."

हसू नका. खरंच तसं होतं. कैलासला लघवीची पिशवी लावली होती आणि आमचं सगळं जग त्या पिशवीत होतं. सकाळी उठलं की आधी पिशवी. मी देवाला धन मागितलं नाही, भावाचं लग्न मागितलं नाही. एक वाटी लघवी मागितली. पिशवीत तळाला गढूळ चमचाभर दिसायचं, तेवढंच.

दिवसाआड डायलिसिस चाललं होतं. क्रिएटिनिन यंत्रावर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. कैलासनं पाणी मागणंसुद्धा सोडलं, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. दत्ता येऊन दारात उभा राहायचा, रडायचा आणि जायचा. त्याच्यावर ओरडायला माझ्यात जीव राहिला नव्हता.

मी मॅडमना विचारलं, "आणखी किती वाट बघायची?"

"किडनी झोपली आहे," त्या म्हणाल्या. "काहींची काही आठवड्यांत जागी होते. काहींची होत नाही. नाही झाली तर डायलिसिस कायमचं, किंवा कोणाची तरी किडनी लावायची. त्याला ट्रान्सप्लांट म्हणतात. अजून ती वेळ आलेली नाही."

मी हे खाली येऊन मायला सांगितलं. शहाळ्यांच्या दिवसानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माझी दे. दोन्हीबी दे. मला काय करायच्या?"

"एकच घेतात," मी म्हणाले आणि वर निघाले. नसीमखालांनी मला हात धरून बाजूला घेतलं.

"बेटी, तुझी माय पाणी पीत नाय."

मला कळेना.

"माझ्या डोळ्यांनी बघते रोज. एक छोटी बाटली भरती सकाळी. झाकणानं पिती. बाटली सरली की बस. मी म्हटलं, बाजूलाच नळ हाय, पी की. तर म्हणती, त्याला जेवढं, मला तेवढंच. काल नळाशी चक्कर येऊन पडली. तुला सांगू नको म्हणाली."

एवढं ऊन, पत्र्याची शेड, आणि ही बाई अर्ध्या लिटरवर. मी परत फिरले. मायच्या पिशवीत हात घातला, बाटली निघाली. तशीच अर्ध्या लिटरची, जशी वर उशाशी होती. तिचे ओठ मी तेव्हा नीट बघितले. कैलाससारखेच फुटलेले होते.

मग माझा बांध फुटला. सगळ्या शेडसमोर मी ओरडले. "त्यानं हेच केलं ना? हेच करून तो वर पडलाय ना? आणि तू? जी किडनी द्यायची म्हणतेस तीच वाळवायला निघालीस? मी कुणाकुणाला झाकणानं पाणी पाजू? एकटी आहे मी, एकटी!"

माय शांतपणे म्हणाली, "माझ्या हातानं लेकरू मरत व्हतं, शोभे. मला पाणी गिळत नाय."

मी नळावरून तांब्या भरून आणला, तिच्या तोंडाला लावला. तिनं ओठ मिटून घेतले. माझ्या हातातून पाणी तिच्या अंगावर सांडलं. पण त्या दिवसापासून नसीमखाला मायच्या चहात दुप्पट पाणी घालू लागल्या, वरणाचं पातळ पाणी वाटीभर समोर ठेवू लागल्या. "ये पाणी नाय, दाल हाय," म्हणायच्या. माय ते प्यायची. पाणी मात्र बाटलीतलंच.

त्या रात्रीपासून पुढच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. आशा सुटली होती, हे खरं. दोन माणसं डोळ्यांदेखत सुकत होती, आणि मी मधल्या जिन्यात चढ-उतार करत होते.

मग एका सकाळी पिशवीत वाटीभर होतं. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. सिस्टरला हाक मारली. ती वाकली, बघितलं, आणि म्हणाली, "ताई, मॅडमना फोन लावते." दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मग पिशवी भरायला लागली आणि सिस्टर चिडायला लागली, किती वेळा रिकामी करायची म्हणून. किडनी जागी होताना आधी नुसतं पाणीच सोडत सुटते, घाण गाळायला ती नंतर शिकते, असं मॅडमनी सांगितलं. मी पिशवी हातात धरून खाली पळत जाणार होते, सिस्टरनं ओढून घेतली.

शेवटाकडे यायच्या आधी कामाचं सांगून टाकते.

कैलास जिवंत आहे. मानेतली नळी निघाली. क्रिएटिनिन दीडच्या आसपास येऊन थांबलं, एकवर काही आलं नाही. मॅडम म्हणतात, उरलेलं जपायचं. अंगदुखीची गोळी आयुष्यात घ्यायची नाही. भट्टीचं काम नाही. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं. कबड्डी बंद. हे शेवटचं त्याला अजून पटलेलं नाही. सामन्याचा आवाज आला की तो उठून घरात जातो. मी त्याला काही म्हणत नाही.

तुमचं लेकरू कोणत्याही गटात खेळो, त्याला जड गटात हरू द्या. सामन्याआधी ते तोंड सुकवून हिंडत असेल, भर उन्हात स्वेटर घालून पळत असेल, नुसतं थुंकत असेल, तर ताट वाढण्याआधी तांब्या पुढं करा आणि ते पिईपर्यंत समोरून हलू नका. लघवी काळी झाली तर सब्जा देऊ नका, दवाखान्यात न्या. दुसऱ्याच्या डबीतली गोळी म्हणजे विष समजा. आणि किडनीच्या पेशंटला भेटायला जाल तर हात हलवत जा, कोणी नावं ठेवणार नाही.

ज्या सिस्टर, ज्या मामा-मावश्या त्या वॉर्डात आहेत, त्यांची नावं मला सगळ्यांची माहीत नाहीत. त्यांचं भलं होवो. नसीमखालांचे मालक आम्ही घरी आल्यावर दोन महिन्यांनी वारले. खालांचा फोन येतो. आधी विचारतात, पाणी पितो का?

आता तो दिवस. मॅडम राउंडला आल्या, फाईल बघितली आणि म्हणाल्या, "याची पाण्याची मर्यादा काढतेय. जेवढी लघवी होतेय तेवढं पाणी आत गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा कोरडा पडेल." मग मला विचारलं, "आई कुठे आहेत?"

"खाली."

"बोलवा त्यांना."

माय आली ती दाराशीच थांबली. चपला बाहेर काढून, पदर सावरून. इतक्या दिवसांत तिनं वॉर्डाचं दार बघितलं नव्हतं. कैलास उशीला टेकून बसला होता. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग मॅडमच्या पायांकडे बघत राहिली. तिला वाटलं, पुन्हा काहीतरी विचारणार.

मॅडमनी उशाजवळचा ग्लास भरला आणि तिच्यासमोर धरला. "घ्या. तुम्ही द्या त्याला."

माय मागं सरकली. "माझ्या हातानं नगं बाई. हिला द्या."

"तुमच्याच हातानं."

मायनं ग्लास दोन्ही हातांत धरला. ती पलंगाजवळ गेली आणि तिथंच थबकली. ग्लासाच्या काठावर अंगठा ठेवून तिनं मॅडमकडे वळून विचारलं, "किती देऊ?"

"मागेल तितकं."

"म्हंजी?"

"आई, तो मागेल तितकं द्या. तो बस म्हणेपर्यंत."

माय मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मान हलवली.

कैलासनं एक ग्लास घेतला, दुसरा घेतला, तिसरा अर्धा घेतला आणि म्हणाला, "बस, माय." तिनं ग्लास बाजूला घेतला, त्यात उरलेल्या पाण्याकडे बघितलं, आणि तिथंच, सगळ्यांच्या समोर, खाली फरशीवर बसून ते पाणी पिऊन टाकलं. मग रिकामा ग्लास माझ्याकडे वर करून म्हणाली, "आजून दे."